जावयाचा जोडीदार

४ जानेवारी, सोमवार

दात पडला. माझा नाही, जावयाचा. आणि पाडला मी!

शेगडीच्या खोलीत, सकाळच्या चहाच्या वेळी, साऱ्या गँगसमोर. तो बाकावर बसून हातमोजे वाळवत होता, कुणाला तरी काहीतरी सांगून हसत होता. मी आत आलो, बुटांवरचा बर्फ झटकला आणि सरळ जाऊन हाणला. एकच. पत्र्यावर खडा पडावा तसा दात वाजला. मग तो उठला आणि त्याने मला उचलून भिंतीवर आपटलं. माझ्या डोक्याने खिडकीची काच तडकली. मग लंबू मध्ये पडला. लंबू म्हणजे आमचा घण मारणारा, दारातून वाकून येतो. त्याने दोघांना दोन बखोटांना धरून वेगळं केलं.

"मुकादम, डोकं फिरलंय का? सासरा-जावई ना तुम्ही!"

"म्हणूनच," एवढंच म्हटलं.

काल दुपारी लेक घरी आली. एकटी, पायी. उजव्या हाताला शाल गुंडाळलेली. शाल सोडली तर मनगट वांग्यासारखं काळंनिळं. "दारात घसरले, बाबा." तीस वर्षं बर्फात काम करतोय मी. घसरून मोडलेलं मनगट कसं दिसतं ठाऊक आहे, पिरगाळून मोडलेलं कसं दिसतं तेही. आणि गळ्यावर चार बोटं उमटली होती. घसरणीला बोटं नसतात!

इंजिनीअर बाई धावत आल्या. "कशावरून?" दोघंही गप्प. तो गप्प राहिला लाजेने. मी, घरची लक्तरं वेशीवर कशाला टांगायची म्हणून. बाईंनी जमिनीवरचा दात बघितला, तडकलेली काच बघितली.

"दोघांनाही आजच घरी पाठवलं असतं. पण रूळ गोठलेत आणि माझ्याकडे माणसं अकरा. उद्यापासून तुम्ही दोघं एक जोडी. एकमेकांचा जीव एकमेकांच्या हातात असला की अक्कल येते."

बाई हुशार आहेत. पण त्यांना अर्धीच गोष्ट माहीत आहे.

५ जानेवारी, मंगळवार

जोडी म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. शेगडीच्या खोलीत भिंतीवर जे नियम लावलेत ते माझ्याच अक्षरात आहेत. दर वीस मिनिटांनी शिट्टी मारून जोडीदाराकडे जायचं, त्याचं तोंड बघायचं. नाक, गाल, कान— मेणासारखा पांढरा डाग दिसला की आत. बोलून बघायचं. जीभ जड झाली की आत. हुडहुडी भरलेली चालते. हुडहुडी थांबली आणि माणूस अजून बाहेरच असला तर तो मरायला लागलाय. ओला कपडा म्हणजे मरण. उघडा हात लोखंडाला नाही. दारू नाही, थेंबभर नाही— ऊब आल्यासारखी वाटते, खरं तर असलेली ऊब कातडीतून बाहेर पळते. गारठलेल्याला चोळायचं नाही, आपटायचं नाही, चालवायचं नाही. धक्का बसला की काळीज बंद पडतं.

हे सगळं मी माणसं पुरून शिकलोय. आता हे सगळं मी त्याच्यासाठी करायचं!

७ जानेवारी, गुरुवार

उणे सतरा. आठ तास बाहेर. जावयाशी बोललेले शब्द सहा. "नाक." "कान." "ठीक." आणि तेच त्याने मला.

१० जानेवारी, रविवार

लेकीच्या हाताला प्लास्टर घातलंय. डाव्या हाताने जेवते, अर्धं सांडते, मग स्वतःच म्हणते, "बघा बाबा, तुम्हाला पुन्हा तान्ही मुलगी मिळाली." मला हसू येत नाही, पण तिच्यासाठी हसतो.

आज बोलली. मी विचारलं नव्हतं. भांडी पुसत होतो, ती स्टुलावर बसली होती, पाठ माझ्याकडे. म्हणाली, पाहुणे आले होते, दिवा गेला होता, तो बदलायला चढला आणि त्याच्याने होईना. "मी हसून म्हटलं, राहू दे, तुझ्याने नाही व्हायचं. एवढंच, बाबा." पाहुणे जाईपर्यंत तोही हसत होता. मग दार लावलं.

"पहिल्यांदा?"

"तिसऱ्यांदा. हात मोडायची पहिलीच."

हातातली बशी मी फोडली. मुद्दाम नाही. दाबली गेली. 

ती म्हणाली, "मोजायला लागलात तर तुमच्या घरात भांडं उरायचं नाही."

आणि हा माणूस शोधला कुणी? मी! गँगमधला सगळ्यात मेहनती, पाठीचा ताठ, गळा चांगला, काम करताना गायचा. चार वर्षांपूर्वी मीच घरी जेवायला नेला. आपल्या हाताने. देखत्या डोळ्यांनी.

१२ जानेवारी, मंगळवार

उणे एकोणीस. आज दिवसच रक्ताचा होता.

सकाळी नवा फिटर— चाळिशीचा माणूस, दुसऱ्या विभागातून बदलून आलेला— हातमोजा काढून पान्याने नट सोडवायला गेला. नट नीट धरता येत नाही म्हणे मोज्यात! पाना हाताला चिकटला. मी "हलू नको, कोमट पाणी आणतो!" म्हणून ओरडेपर्यंत त्याने घाबरून हिसडा मारला. तळव्याची कातडी पान्यालाच राहिली. त्याचं ओरडणं खिंडीच्या दोन्ही भिंतींवर आपटून परत येत होतं. लंबूने त्याला खांद्यावर टाकून नेलं. पान्यावरचं ते मी पहारीने खरवडून काढलं. कुणीतरी काढायला हवंच.

दुपारी रूळ फुटला. थंडीने आखडलेला रूळ ताणलेल्या तारेसारखा असतो. आम्ही दोघं सांध्यावरचा बर्फ फोडत होतो, गाडी रूळ बदलते त्या जागी, आणि बंदुकीसारखा आवाज झाला. तुटलेलं टोक सुटलं ते माझ्या गुडघ्यांच्या दिशेने. मी बघतच राहिलो. जावयाने मागून कॉलर धरून ओढलं. मी पाठीवर पडलो, टोक माझ्या बुटाची टाच घेऊन गेलं.

"लागलं का मामा?"

तो वाकून माझ्या तोंडाकडे बघत होता. "गालावर डाग आलाय." त्याने मोजा काढला आणि आपला तळवा माझ्या गालावर ठेवला. चोळला नाही, नुसता ठेवला, नियमात आहे तसा. कातडी परत दुखायला लागेपर्यंत. गरम, जाड, घट्टे पडलेला हात.

तोच हात.

मी तो तसाच राहू दिला, आणि मनात म्हणत होतो की हा मनगटातून तोडायला किती घाव लागतील.

१५ जानेवारी, शुक्रवार

बोलला शेवटी. डबा खाताना, बाकाच्या टोकाला.

"चुकलो मामा. पाया पडतो. तिला पाठवा."

"तिचं मनगट जुळलं की तिलाच विचार."

"तिला काय विचारायचं? माझी बायको आहे ती." मग लगेच आवाज मऊ. "घरात पाऊल टाकवत नाही हो. सगळीकडे तिच्याच वस्तू."

डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. खरं पाणी. मला त्याची कीव आली आणि त्या कीवेचा इतका राग आला की डबा उचलून शेगडीत फेकला. सगळे बघत राहिले. लंबू म्हणाला, "मुकादमांना आज जेवण आवडलेलं दिसत नाही."

१९ जानेवारी, मंगळवार

सकाळी त्याच्या तोंडाला वास आला. सौम्य, लवंग चघळून झाकलेला. माझ्या नाकापासून काय झाकणार?

नियम साधा आहे. पिऊन आलेला माणूस त्या दिवशी बाहेर जात नाही. मुकादमाने बाईंना सांगायचं, बाईंनी घरी पाठवायचं. आजवर मी सात जणांना परत पाठवलंय. एकाने त्यासाठी माझ्यावर फावडं उगारलं होतं, तरी पाठवलं.

आज नाही पाठवलं. "नाक." "कान." "ठीक."

का? माहीत आहे का. लिहीत नाही.

२० जानेवारी, बुधवार

तो जिवंत आहे. माझ्या दोन बरगड्या गेल्यात. आज लिहवत नाही.

२१ जानेवारी, गुरुवार

काल झालं ते सगळं लिहितो. बाईंना सांगितलं ते नाही. झालं ते.

आठ वाजता आम्ही दोघं खिंडीतल्या सांध्यांवर गेलो. उणे बावीस आणि वर वारा. दोन सांधे, मध्ये दीडशे पावलं. लांबचा त्याचा, जवळचा माझा. वास कालच्याहून जास्त. मी नाक बघितलं, कान बघितले, "ठीक" म्हटलं. जाता जाता तो वळला आणि वाऱ्यात ओरडून म्हणाला, "एक हात मोडला तर तुमच्याकडे आली! दोन्ही मोडले असते तर दार कशाने वाजवलं असतं?" आणि हसला. दारू बोलली असेल. पण माझ्या कानांनी ते ऐकलं.

साडेआठला आणि पुन्हा नऊला दहा मिनिटं असताना मी शिट्टी मारली, त्याने उलट मारली. तोंड बघायला मी गेलो नाही. शिट्टीवर भागवलं. नऊ दहाला शिट्टी मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. पहार खांद्यावर टाकून निघालो.

तीस पावलांवरून दिसला. रुळालगतच्या नाल्यावरचा बर्फ फुटून भगदाड पडलं होतं. डावा पाय गुडघ्यापर्यंत भिजून, वरून गोठून पाइपासारखा झालेला. तो रुळावर बसला होता. हातमोजे बर्फात फेकलेले. जाकिटाच्या चेनशी झटापट चाललेली. बंद करायला नाही, उघडायला. गारठा डोक्यात चढला की माणसाला उकडायला लागतं, तो कपडे काढतो. हुडहुडी नाही. अंग शांत. तोंडावर हसू.

मी एका नजरेत ओळखलं. भिंतीवर लिहिलंय मी ते.

आणि मी उभा राहिलो.

घड्याळ बघितलं. नऊ सतरा. आजवर मला वाटायचं, खून म्हणजे काहीतरी करणं. हात उचलावा लागतो, नेम धरावा लागतो, अंगात आग लागते. इथे तसलं काहीच नव्हतं. फक्त तीस पावलं चालायची नव्हती. वारा होता, बर्फ उडत होता; दिसला नाही म्हटलं असतं तर कुणी प्रश्न विचारला नसता. मी लेकीचा गळा डोळ्यांसमोर आणला. पिरगाळताना हाड कसं वाजलं असेल ते कानांत आणलं. मुद्दाम आणत होतो. कारण मध्येच तो तळवाही गालावर आठवायचा आणि तो मी ढकलून द्यायचो. त्याने जाकीट काढून टाकलं. मग स्वेटर. पांढऱ्या बनियनवर बर्फ पडत होता आणि वितळत नव्हता.

मग तो रुळावरून खाली पडला, हातापायांवर रांगत हत्यारांच्या पेटीकडे गेला आणि पेटीखालच्या कपारीत डोकं खुपसून आत शिरायला लागला. शेवटी असंच करतात— बीळ शोधतात. नुसते बूट बाहेर राहिले. बूट हलत होते. मग एकच हलत होता.

तेव्हा मी पळालो. दया नव्हती ती. ते बूट बघितले आणि आजवर असे बाहेर राहिलेले सगळे बूट दिसले, आणि पाय आपोआप सुटले. पळता पळता शिट्टी तोंडात, जीव तोडून. नऊ अडतीस. एकवीस मिनिटं.

पायांना धरून हळूच ओढला. बाहेर आला तो जनावर होऊन! ओळख नाही, शब्द नाही, नुसती घरघर. पेटीपाशी पडलेली पहार त्याच्या हातात आली आणि ती त्याने माझ्या कुशीत घातली. बरगड्या मोडल्याचं मला आवाजावरून कळलं. मी खाली. तो माझ्यावर. गोठलेल्या मुठींनी तोंडावर, नाकावर. बोटं वाकत नव्हती, लाकडाच्या ठोकळ्याने कुणी मारावं तसे घाव. माझा अंगठा तोंडात सापडला तर हाडापर्यंत चावला. मी लहानसा, बरगड्या मोडलेला, पण एक गुडघा वर घेतला असता तर तो उडाला असता. एक ठोसा. आणि त्याचं काळीज बंद पडलं असतं. गारठलेल्या काळजाला तेवढा धक्का पुरतो.

म्हणून एकही मारला नाही. हात पसरले, त्याला छातीशी ओढला आणि नुसता धरला. तो मारत होता, मी धरून होतो. माझं रक्त त्याच्या बनियनवर गोठत होतं. "हो, हो, बाळा, झालं, झालं," असं काहीतरी मी बरळत होतो. लेक तापात असताना म्हणायचो तसं. दोन आठवड्यांपूर्वी ह्याचाच दात पाडला होता मी!

लंबू हातगाडी घेऊन आला. त्याने जावयाला उचलून टाकायला हात घातला तशी मी ओरडलो, "आडवा! आडवाच उचल! पाण्याने भरलेलं ताट समज!" खोलीत ओले कपडे कापून काढले. कोरड्या घोंगड्या, छातीशी आणि काखेत गरम पाण्याच्या बाटल्या, हातापायांना काही नाही— आधी मधलं धड. कुणीतरी प्रेमाने बाटली काढली, "दोन घोट द्या, ऊब येईल." मी ती हातातून उडवली. फुटली. बरं झालं फुटली.

बाईंनी वही उघडली. "शेवटचं कधी तपासलंत?"

"सव्वानऊला. ठीक होता."

त्यांनी लिहून घेतलं.

२४ जानेवारी, रविवार

दवाखान्यात. उजव्या हाताची चार बोटं काढली. अंगठा राहिला. डाव्या पायाची दोन.

डॉक्टर म्हणाले, "अजून दहा मिनिटं आधी मिळाला असता तर निम्मी वाचली असती." ते माझी पाठ थोपटत होते. मला वाटलं हे आता विचारतील. पण ते म्हणाले, "तुमच्यामुळे माणूस वाचला."

घरी येऊन लेकीला सांगितलं. ती रडली नाही. "कुठल्या हाताची?" म्हणाली. उजव्या, म्हटलं. बराच वेळ आपल्या प्लास्टरकडे बघत बसली. मग, "दुखतंय का त्याला फार?"

तिने माझ्या तोंडाची सूज बघितली, अंगठ्याची पट्टी बघितली. "एवढं मारलं त्याने तरी आणलंत?" आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२९ जानेवारी, शुक्रवार

बाईंनी सगळ्यांना शेगडीच्या खोलीत उभं केलं. "सासरा-जावई भांडले, सगळ्यांनी बघितलं. आणि त्याच सासऱ्याने अंगावर मार झेलत जावई वाचवला. जोडीदार असावा तर असा." टाळ्या. बोटं सुन्न असलेल्या माणसांच्या टाळ्या, मोज्यांतल्या, धपधप. पट्टी बांधलेल्या हाताचा फिटरही आला होता, तो मांडीवर हात आपटून टाळी देत होता. आता सगळ्या विभागाची सुरक्षा मी बघायची म्हणे. माणसांना शिकवायचं.

बाहेर येऊन पहार घेतली आणि सांध्याजवळचा बर्फ फोडायला लागलो. बरगड्यांतून कळा येत होत्या, चांगल्या वाटत होत्या. किती वेळ कोण जाणे. लंबू येऊन उभा राहिला.

"बर्फ मघाशीच संपला, मुकादम. आता जमीन फोडताय."

त्याला सांगावंसं वाटलं. तोंड उघडलं. "थंडी," म्हणालो.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

आला. आज, भर दुपारी, मी जेवून उठत होतो तेव्हा.

दार मीच उघडलं. वाळलाय. उजवा हात पांढऱ्या गठ्ठ्यासारखा, छातीशी बांधलेला. मी म्हटलं, आत ये. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, लाज असेल. तो आत आला नाही. उंबऱ्यावरच उभा राहिला आणि हळू आवाजात, अगदी शांतपणे बोलला.

"मी हसत होतो ते आठवतं का मामा तुम्हाला? रुळावर बसून?"

माझा हात कडीवरच राहिला.

"तुम्हाला बघून हसत होतो. मला वाटलं, आले मामा. सुटलो." तो थांबला. "मग तुम्ही आलाच नाहीत. मी बघत होतो. तुम्ही घड्याळ बघितलंत. त्यानंतरचं मला काही आठवत नाही. पण घड्याळ बघितलंत ते आठवतं."

भिंतीला टेकलो.

"दवाखान्यात बाई येऊन गेल्या. सव्वानऊला तपासला म्हणाल्या. मी हो म्हटलं." मग त्याचा चेहरा बदलला. तो चेहरा मी आजवर बघितला नव्हता. लेकीने तीनदा बघितला असेल. डाव्या हाताने त्याने माझा गळा धरला आणि मला दाराच्या चौकटीवर दाबलं. एकाच हातात केवढी ताकद! "उद्या संध्याकाळपर्यंत बायको माझ्या घरी पाहिजे. चार बोटं घेतलीत माझी, आता भाकरी कोण भरवणार मला? ती आली नाही तर मी बाईंकडे जातो, तिथून पोलिसांत. म्हातारपण तुरुंगात काढा."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही!

दाराआड माझी पहार टेकलेली होती. हात तिच्यावर गेला. माझ्या हाताने ती उचललीही. त्याने बघितलं आणि गळा सोडला नाही, उलट हसला. "मारा. ह्या वेळी घड्याळ न बघता मारा."

मला दिसलं, त्याचं कपाळ, केसांची रेघ, नेमकी जागा. एक घाव. तीस वर्षं बर्फ फोडणाऱ्याला दुसरा लागत नाही. डोळ्यांपुढे लाल झालं, खरंच लाल होतं, म्हण नाही ती. आणि त्या लालातून त्याचा गठ्ठा बांधलेला हात दिसला. तो हात मी घेतला होता. शांतपणे, तीस पावलांवरून. आणखी एक घाव घातला असता तर माझ्यात आणि त्याच्यात फरक तो काय उरला असता? पहार जमिनीवर टाकली. फरशी फुटली.

"उद्या संध्याकाळ," म्हणाला आणि गेला. लंगडत.

लेक आतल्या खोलीत होती. "कोण होतं, बाबा?"

"चुकीच्या दारात आला होता कुणी."



तिला पाठवायचं म्हणजे काय ते मला माहीत आहे. एका हाताच्या माणसाचा राग दोन हातांच्या माणसाहून जास्त असतो. आणि न पाठवायचं, तर त्याच्याकडे एवढी एकच गोष्ट आहे— जी मला माहीत आहे आणि बाईंना माहीत नाही. दगडाखाली हात सापडलाय. दगड कुणाचा? माझाच. मीच आणून ठेवलेला.

६ फेब्रुवारी, शनिवार

सांगून आलो. सकाळी आठला, बाईंच्या टेबलासमोर उभं राहून. वास आला होता तेव्हापासून, सगळं. नऊ सतरा ते नऊ अडतीस. बाईंनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "घरी जा. संध्याकाळी पोलीस येतील."

घरी आलो तर लेक दारातच. कोट घातलेला, डाव्या हातात बॅग. काल तिने सगळं ऐकलं होतं. "तिकडे निघाले, बाबा. तुम्ही तुरुंगात जाऊ नये म्हणून."

"बाईंना सगळं सांगून आलोय मी," म्हणत बॅग तिच्या हातातून घेतली.